पदार्पणाची तबकडी, निरोपाची तबकडी

मुंबईच्या ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ या बँडने एकच अल्बम केला. त्याचे नाव ‘ऑब्सेशन ७७’. आपल्याकडे तो लवकरच विस्मरणात गेला. पुढे तीसेक वर्षांनी, २०११च्या सुमारास, लॉस एंजेलिसच्या ‘नाऊ-अगेन’ या कंपनीने तो पुन्हा काढला आणि भारतीय ‘सायकेडेलिक फंक’चा दुर्मिळ नमुना म्हणून त्याचे नाव जगभरच्या तबकडी-संग्राहकांत पसरले. आज या अल्बमचे चाहते युरोप-अमेरिकेत आहेत, बंगळूर-दिल्लीत आहेत. ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी तरुण मुले त्यात आहेत. मराठीत मात्र त्याच्याविषयी निवांतपणे लिहिलेले काही माझ्या वाचनात आलेले नाही. ही उणीव थोडीफार भरून निघावी, म्हणून हा लेख.

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. मी संगीत शिकलेलो नाही. राहणे अलिबाग तालुक्यात. नोकरी सांभाळून गेली काही वर्षे आमच्या किनाऱ्यावरच्या बेंजो पार्ट्यांच्या जुन्या कॅसेटी जमवतो आहे. त्या शोधातच एका भाच्याने मला हा अल्बम ऐकवला. “मामा, तुमच्या हळदीच्या कॅसेटींसारखंच वाजतंय बघा,” असे तो थट्टेने म्हणाला होता. त्या थट्टेत किती तथ्य आहे याचा छडा लावण्यात माझी दोन-तीन वर्षे गेली.

चाहत्यांचे या अल्बमवरचे प्रेम खरे आहे, याविषयी शंका नाही. पण त्या प्रेमाची जी कारणे दिली जातात ती तपासायला हवीत. कारणे साधारण तीन असतात : तबकडी दुर्मिळ आहे, ती भारतात एकमेव आहे आणि ती काळाच्या पुढे होती. माझ्या मते पहिले कारण अपुरे, दुसरे अर्धसत्य आणि तिसरे चक्क उलटे आहे. खरे कारण त्या तिसऱ्याच्या उलट बाजूलाच सापडते.

फंक : थोडी तोंडओळख

‘फंक’ हा शब्द आपल्याकडे सैल वापरला जातो, म्हणून आधी त्याचा अर्थ निश्चित करू. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीतातून १९६०च्या दशकात हा प्रकार आकाराला आला. त्याचा मुख्य शिल्पकार जेम्स ब्राऊन. १९६५चे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि १९६७चे ‘कोल्ड स्वेट’ या दोन गाण्यांत ते वळण स्पष्ट ऐकू येते. त्याआधीच्या ऱ्हिदम अँड ब्लूजमध्ये चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी जोरकस असे. ब्राऊनने वादकांना सांगितले की सगळा भार पहिल्या मात्रेवर टाका. तो त्या मात्रेला ‘द वन’ म्हणे.

आपल्या वाचकाला हे समजणे अवघड नाही, कारण सम ही कल्पना आपल्या रक्तात आहे. तबलजी आवर्तनभर कुठेही भटको, समेवर आला की ऐकणाऱ्याची मान हलते. फंकमध्ये आवर्तन अगदी छोटे असते, त्यामुळे ही मान हलण्याची वेळ दर दोन-तीन सेकंदांनी येते. दोन समांच्या मधली जागा बारीक-बारीक तुकड्यांत वाटून घेतलेली असते. त्या तुकड्यांत गिटार, बास, ऑर्गन, ड्रम यांतले प्रत्येक वाद्य आपापला छोटा ठोका ठेवते आणि दुसऱ्यासाठी जागा सोडते. गिटारही इथे निम्मे तालवाद्यच असते. सुरावट पुढे सरकण्याला फारसे महत्त्व नसते. एकाच जागी उभे राहून ती जागा खोल खणत जाणे, असे त्याचे वर्णन करता येईल.

न्यू ऑर्लिन्सच्या ‘द मीटर्स’चा १९६९चा पहिला अल्बम या पद्धतीचा शुद्ध नमुना मानला जातो. डेट्रॉइटकडच्या ‘फंकाडेलिक’ने १९७०च्या आपल्या पहिल्या अल्बमात याच तालावर जिमी हेन्ड्रिक्सच्या वळणाची गुरगुरणारी गिटार चढवली. त्या गुरगुरण्याला ‘फझ’ म्हणतात. ध्वनी मुद्दाम इतका वाढवायचा की त्याच्या कडा फाटतात आणि सुराला खरखरीत काठ येतो. फंकचा ताल आणि फझची गिटार ही जोडी पुढे महत्त्वाची ठरणार आहे, म्हणून वाचकांनी ती लक्षात ठेवावी.

मुंबईचे बँड आणि हॉटेलची रात्र

साठच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत ‘बीट ग्रुप’ निघू लागले. कॉलेजचे मेळावे, पार्ट्या, हॉटेलांचे डिस्कोथेक हे त्यांचे व्यासपीठ. इम्पीरियल टोबॅको कंपनीने आपल्या ‘सिमला’ सिगारेटच्या प्रचारासाठी ‘सिमला बीट’ नावाची स्पर्धा भरवली. १९७० आणि १९७१च्या स्पर्धांतल्या बँडच्या तबकड्याही निघाल्या. भारतीय रॉकचा त्या काळातला ध्वनिरूप पुरावा शोधणाऱ्याला आजही याच दोन तबकड्यांपासून सुरुवात करावी लागते. १९७२ साली ‘लेड झेपेलिन’चे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी स्टुडिओत ध्वनिमुद्रण केले आणि कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ या डिस्कोथेकमध्ये एका रात्री वाजवलेही. मुंबईच्या रॉकप्रेमींमध्ये ती रात्र अजून सांगितली जाते.

या वातावरणात ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ उभा राहिला. वेगवेगळ्या काळात कीथ कांगा, मधुकर चंद्रदास, नील चट्टोपाध्याय, वॅलेंटाइन लोबो, नंदू भेंडे अशी मंडळी त्यात होती. ही आडनावे एका ओळीत वाचली तरी जुनी मुंबई डोळ्यांपुढे उभी राहते. १९७४ साली अलेक पदमसी यांनी ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’ रंगभूमीवर आणले, तेव्हा येशूची भूमिका चंद्रदास यांनी आणि जुडासची नंदू भेंडे यांनी केली. म्हणजे बँडमधल्या गायकांना नाटकाच्या प्रकाशातही उभे राहण्याची सवय होती.

अशा बँडचे पोट मात्र हॉटेलच्या नाचाच्या फरशीवर चाले. तिथे लोक नाचायला येत आणि ओळखीच्या परदेशी चालींवर नाचत. या वादकांनी स्वतःचे काही रचले तरी ते कुठे वाजवायचे, हा प्रश्नच होता. ध्वनिमुद्रणाचा बाजार चित्रपटसंगीताच्या ताब्यात होता आणि इंग्रजीत गाणाऱ्या मुंबईकर बँडसाठी अल्बमचा खर्च करायला कंपन्या फारशा उत्सुक नव्हत्या. परदेशी गिटार किंवा ॲम्प्लिफायर आणायचा तर आयात-परवाने आणि जबर कर आडवे येत. कुणाचा नातलग परदेशातून आला तर तार किंवा पेडल मिळे, नाहीतर इथल्याच कारागिराकडून जुळवून घ्यावे लागे.

परदेशी बँडचा शिरस्ता असा, की दोन-एक वर्षे क्लबांत वाजवायचे, मग पहिला अल्बम करायचा आणि त्याच्या जोरावर पुढचे आयुष्य उभारायचे. मुंबईत हा क्रम उलटला. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ वर्षानुवर्षे वाजवत राहिला आणि पहिला अल्बम झाला तेव्हा त्या सगळ्या पिढीचा बहर ओसरत आला होता. ‘ऑब्सेशन ७७’ पहिला आणि तोच शेवटचा.

तबकडीत काय आहे

अल्बम बराचसा वाद्यसंगीताचा आहे. गायकांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बँडच्या एकुलत्या एक अल्बमात गाणे इतके थोडे असावे, ही त्यातली पहिली खटकणारी गोष्ट. दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा असमानपणा. काही तुकडे सरळसरळ हॉटेलच्या नाचासाठी आहेत. चाल ओळखीची, वादन नीटनेटके, जोखीम कुठेच नाही. आठवड्यातून अनेक रात्री हेच वाजवणाऱ्या हातांची सफाई त्यात दिसते आणि तोच थकवाही दिसतो.

पण शीर्षक-रचना सुरू होते आणि खोलीतली हवा बदलते. ड्रम कोरडा, जवळून ऐकू येणारा. त्याच्याखाली बासचा छोटा घाट पुन्हा पुन्हा समेवर येऊन बसतो. त्यावर फझ-गिटार येते ती सुरेल होण्याची काही खटपट करत नाही. करवतीने ओले लाकूड कापावे तसा तिचा आवाज चिरत जातो. मध्ये कुठे थांबून ‘आता पाहा हं’ असे सांगणे नाही. पाच जण एका वेळी एकच गोष्ट मनापासून करत आहेत, एवढेच ऐकू येते.

अल्बमचा हा दुभंग दोष आहे का? निखळ कलाकृती म्हणून पाहिले तर आहे. ज्या अल्बमचा अर्धा भाग विसरण्याजोगा असतो त्याला मी थोर म्हणणार नाही आणि चाहत्यांनीही म्हणू नये. पण इथे पोटासाठीचे वादन आणि जिवासाठीचे वादन एकाच तबकडीवर शेजारी-शेजारी आहे. दोहोंमधला सांधा कानाला लागतो. एका पिढीचा रोजचा व्यवहार आणि तिची आस दोन्ही त्या सांध्यात सापडतात. तबकडी नुसती चांगल्या रचनांची असती, तर ती जास्त सुबक झाली असती, पण त्या पिढीविषयी कमी सांगून गेली असती.

‘काळाच्या पुढे’ की उशिरा?

आता चाहत्यांच्या तिसऱ्या कारणाकडे वळू. हा अल्बम काळाच्या पुढे होता, असे वारंवार म्हटले जाते. तारखा तपासल्या तर हे टिकत नाही. हेन्ड्रिक्सची फझ-गिटार १९६७ची. फंकाडेलिकचा ‘मॅगट ब्रेन’ १९७१चा. नावातल्या ७७ सालाचा विचार केला तर त्या वर्षी अमेरिकेत ‘सॅटरडे नाइट फीव्हर’ पडद्यावर आला आणि डिस्कोचा गुळगुळीत, चकचकीत ताल सर्वत्र पसरला. फझ-गिटार तेव्हा तिकडे जुनी झाली होती. अमेरिकन कानाला हा अल्बम त्या वर्षी थोडा मागासलेलाच वाटला असता.

माझ्या मते त्याचे वेगळेपण या उशिरातच आहे. तबकड्या मुंबईत क्रमाने येत नव्हत्या. कुणी विमान कंपनीत असलेला मित्र एक आणी, कुणाचा भाऊ इंग्लंडहून दुसरी पाठवी, तिसरी जुन्या बाजारात सापडे. साल ६७, साल ७१ आणि साल ७६ इथल्या वादकांच्या हाती एकाच ढिगात पडत होते. तिकडे जे एकामागून एक घडले, ते इथे एकाच वेळी उपलब्ध झाले. म्हणून हेन्ड्रिक्सची गिटार, ब्राऊनची सम आणि डिस्कोची नाचरी चाल इथे एकाच रचनेत बिनदिक्कत एकत्र बसतात. अमेरिकन बँडला हे सुचणे कठीण होते, कारण त्याच्या लेखी त्यातली एक गोष्ट शिळी झालेली होती.

त्यातच पदार्पण शेवटी झाल्याची गोष्ट मिळवा. साधारणपणे पहिल्या अल्बमात दोन वर्षांची भूक असते. इथे बहुतेक एका दशकाचे वाजवणे साठलेले आहे आणि ते चाळीसेक मिनिटांच्या तबकडीत कोंबलेले आहे. आजचा तरुण श्रोता हा इतिहास जाणत नसेल, पण त्याच्या कानाला तो दाब जाणवतो. दुर्मिळतेपायी माणूस तबकडी एकदा विकत घेतो. तो ती विसाव्यांदा लावतो ते या दाबापायी. अल्बमच्या टिकाऊ आकर्षणाचे माझे उत्तर हे आहे.

तबकडीचा दुसरा जन्म

पण मग लॉस एंजेलिसच्या माणसाला ही तबकडी हवीशी का वाटली? त्याचे उत्तर मुंबईत सापडत नाही, न्यूयॉर्कमध्ये सापडते. १९७३च्या ऑगस्टात ब्रॉन्क्स भागातल्या एका पार्टीत डीजे कूल हर्क याने एक युक्ती केली. फंकच्या तबकडीत गाणे थांबून फक्त ड्रम उरतो, तेवढाच तुकडा तो दोन प्रतींवरून आलटून-पालटून वाजवत राहिला. या युक्तीतून हिपहॉप उभे राहिले. पुढे यंत्रांनी असे तुकडे उचलून त्यांवर नवी गाणी रचणे सोपे झाले. जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा तुकडा शेकडो गाण्यांत वापरला गेला. स्टबलफील्डच्या पदरी त्यातून जवळजवळ काही पडले नाही.

अमेरिकेतल्या तबकड्या उपसून झाल्यावर संग्राहक इतर देशांकडे वळले. नायजेरिया, इथियोपिया, ब्राझील, तुर्कस्तान, मग भारत. चरणजित सिंग यांचा १९८२चा ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा मुंबईत झालेला सिंथेसायझर-अल्बम २०१०मध्ये एका डच संग्राहकाने पुन्हा काढला आणि सिंग उतारवयात युरोपच्या मंचांवर जाऊन आले. रूपा विश्वास यांचा १९८२चा बंगाली-हिंदी ‘डिस्को जॅझ’ २०१९मध्ये अमेरिकेतल्या कंपनीने पुन्हा आणला. ‘ऑब्सेशन ७७’ याच ओळीतला.

या संग्राहकांचे ऋण मान्य केले पाहिजे. ते नसते तर मला हा अल्बम ऐकायला मिळाला नसता. पण ते ज्या कानाने ऐकतात तो कान ड्रमचा उघडा तुकडा शोधणारा, खरखरीत गिटार शोधणारा आहे. जे त्यात बसते ते वर येते, जे बसत नाही ते खालीच राहते. ‘ॲटॉमिक फॉरेस्ट’मधल्या गायकांचे नाट्यगुण, त्यांचे पुढचे आयुष्य, ते ज्या शहरात आणि ज्या भाषांत जगले ती भाषाशहरे या चाळणीतून गळून जातात. ते टिपणे आपले काम होते.

‘एकमेव’ या शब्दाबद्दल

‘भारतातला एकमेव’ हे विशेषण विक्रीला सोयीचे आहे. अमुक प्रकारच्या बँडने स्वतःच्या नावाने काढलेला पूर्ण अल्बम, एवढ्या चौकटीत ते कदाचित खरेही असेल. पण फंक आणि फझ त्या वर्षांत रोज मुंबईत ध्वनिमुद्रित होत होते, ते ताडदेव-महालक्ष्मीपासून वांद्र्यापर्यंतच्या चित्रपट-स्टुडिओंत. राहुलदेव बर्मन आणि कल्याणजी-आनंदजी यांच्या वाद्यवृंदांत बसलेले गिटारवाले, बासवाले, ड्रमर यांनी पाठलागाच्या, कॅबेच्या आणि मारामारीच्या प्रसंगांसाठी जे वाजवले त्यातले कितीतरी अस्सल फंक आहे. १९९९मध्ये ‘बॉम्बे द हार्ड वे’ या नावाने कल्याणजी-आनंदजींच्या पार्श्वसंगीताचे अमेरिकेत नवे रूप निघाले. २००५मध्ये ‘ब्लॅक आइड पीज’ने ‘अपराध’ आणि ‘डॉन’ या चित्रपटांतल्या त्यांच्याच गाण्यांचे तुकडे वापरून जगभर गाजलेले गाणे केले.

म्हणजे मुंबईत फंकच्या दोन धारा होत्या. एकीला नाव होते, पण ध्वनिमुद्रण मिळाले नाही. दुसरीला ध्वनिमुद्रण भरपूर मिळाले, पण वादकांची नावे तबकडीवर आली नाहीत. ‘ऑब्सेशन ७७’ या दोन धारांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीवर उभा आहे. तिथे बँडचे नावही आहे आणि ध्वनिमुद्रणही आहे. त्याचे खरे मोल या जागेवर आहे. ‘एकमेव’ म्हटले की दुसरी धारा दिसेनाशी होते, म्हणून तो शब्द मला मान्य नाही.

मराठीकडे येणारी वाट

बँडच्या मंडळींपैकी नंदू भेंडे यांच्याविषयी मराठी वाचकाला काही सांगायची गरज पडू नये. तरी सांगतो. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा. बबन प्रभूंच्या फार्सांनी आत्माराम भेंड्यांचे नाव घराघरांत पोहोचलेले. आशाबाई माहेरच्या लिली इझिकेल, बेने इस्रायल समाजातल्या. आमच्या किनाऱ्याशी या समाजाचे नाते जुने आहे. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबतातून आपले पूर्वज इथे आले, असे ते पिढ्यान् पिढ्या सांगतात. तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून गावोगावी त्यांना शनवार तेली म्हणत. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशी त्यांची आडनावे आमच्या गावांची नावे अजून वागवतात. नंदू भेंड्यांच्या गाण्याचे श्रेय या वंशावळीला देण्याचा वेडेपणा मी करणार नाही. एवढेच म्हणतो, की रॉक बँडमध्ये गाणारा तो मुलगा ‘इंग्रजाळलेला’ म्हणून परका ठरवताना आपण फार घाई केली.

कारण हाच गायक १९७८ साली मराठी रंगभूमीवर आला. ब्रेख्टच्या ‘थ्रीपेनी ऑपेरा’चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर ‘तीन पैशाचा तमाशा’ पुण्याच्या थिएटर अकॅडमीने रंगमंचावर आणले. दिग्दर्शक जब्बार पटेल. त्यातला अंकुश नंदू भेंड्यांनी केला. नाट्यसंगीत, लावणी, कव्वाली आणि पाश्चात्त्य रॉक हे सगळे त्या नाटकात एकमेकांच्या मांडीला मांडी लावून बसले होते. पाश्चात्त्य वळणाचा आवाज मराठी शब्द घेऊन उभा राहिला आणि प्रेक्षकांनी तो स्वीकारला. त्या नाटकाविषयी आपण पुष्कळ लिहिले. पु.लं.च्या भाषांतरावर लिहिले, ब्रेख्टच्या तत्त्वांवर लिहिले, ते तमाशात बसते की नाही यावर वाद घातले. पण अंकुशचा आवाज कुठे घडला, कोणत्या हॉटेलांच्या आणि कॉलेजांच्या मंचांवर तासला गेला, हे विचारायचे राहून गेले. ‘ऑब्सेशन ७७’च्या सालानंतर एकच वर्ष जाते आणि ‘तीन पैशाचा तमाशा’ येतो. एकाच वर्तुळातल्या या दोन घटना आपल्या दप्तरात मात्र कधी एका पानावर आल्या नाहीत.

१९८२च्या ‘डिस्को डान्सर’मधले ‘कृष्णा धरती पे आजा’ हेही नंदू भेंड्यांच्याच आवाजातले. २०१४मध्ये ते गेले. त्याच वर्षी सिद्धार्थ भाटिया यांचे ‘इंडिया सायकेडेलिक’ हे त्या पिढीच्या रॉकचा इतिहास सांगणारे पुस्तक इंग्रजीत आले. मराठीत तसे पुस्तक अजून व्हायचे आहे.

बेंजोचा कान

आता भाच्याच्या थट्टेकडे येतो. आमच्याकडे पालखी, हळद, गणपती यांना बेंजो पार्टी लागतेच. हा बेंजो अमेरिकन बँजो नव्हे. तारा आणि टाइपरायटरसारख्या कळा असलेले हे वाद्य म्हणजे बुलबुलतरंग. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानमध्ये निघालेल्या तायशोगोतो या वाद्याचा हा भारतीय अवतार. कोळीवाड्यांत आणि आगरी गावांत ते आले, त्याला पिकअप बसले, ते कर्ण्यातून वाजू लागले. वादकाला आवाज मोठा हवा होता आणि ॲम्प्लिफायर तर छोटा होता. त्यामुळे सुरांच्या कडा फाटल्या आणि खरखर आली. ती खरखर लोकांना आवडली. पुढे चांगली यंत्रे आली तेव्हाही वादकांनी ती जपली.

फझ तयार होते ती याच रीतीने. जिमी हेन्ड्रिक्सने पेडलने मुद्दाम मिळवले ते आमच्या वादकांनी गरजेपोटी मिळवले आणि नंतर हौसेने राखले. खाली ढोल-ताशा, टिमकी यांचा छोटा, समेला घट्ट धरून राहणारा फेरा, आणि तोही रात्रभर. हळदीच्या मांडवात नाचणाऱ्याला गाणे पुढे जायला नको असते.

आमच्या शेजारच्या पाड्यात एक जुने बेंजोवादक आहेत. वय सत्तरीच्या पुढे, बोटे आता वळत नाहीत. मी त्यांना काही न सांगता शीर्षक-रचना ऐकवली. पहिल्यांदा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्यांदा लावायला सांगितली. मग म्हणाले, “यो आपलाच आवाज हाय. पन वाजवनारा शिकलेला हाय.” मी विचारले, “काका, कशावरून शिकलेला?” तर म्हणाले, “मदी मदी भितो ना.”

त्या दोन शब्दांवर मी अजून विचार करतो आहे. हॉटेलच्या फरशीची सवय असलेला वादक मध्ये-मध्ये कचरतो, लोकांना आवडेल ना असे बघतो, हे त्यांनी एका ऐकण्यात ओळखले. अल्बममधला जो सांधा मी वर दोन परिच्छेद खर्चून सांगितला, तो हाच. इतके चोख परीक्षण मला जमले नसते.

मग मी त्यांना त्यांची स्वतःची कॅसेट मागितली. नव्वदच्या दशकात एका लग्नात कुणीतरी केलेले ध्वनिमुद्रण होते. पावसाळ्यात फडताळात पाणी शिरले आणि फीत चिकटली. मी ती हळूहळू सोडवून, वाळवून एका बाजूचे जवळपास अकरा मिनिटे वादन वाचवू शकलो. दुसरी बाजू गेली. त्यांनी आयुष्यभर वाजवले, पण जगात शिल्लक राहिले एवढेच. त्यांचेही पदार्पण आणि निरोप त्या अकरा मिनिटांतच आहेत.

‘ॲटॉमिक फॉरेस्ट’ला उशिरा का होईना तबकडी मिळाली, पुढे ती शोधणारा परदेशी माणूस मिळाला आणि मग चाहते मिळाले. चाहत्यांचे प्रेम मी तपासायला घेतले तेव्हा ते मला थोडे भाबडे वाटले होते. आता वाटत नाही. जे उरले आहे ते पुन्हा पुन्हा लावून ऐकणे, त्यावर बोलणे, दुसऱ्याला ऐकवणे, हे काम त्यांनी केले. अकरा मिनिटांच्या त्या प्रती मी चार जणांकडे ठेवल्या आहेत. काकांच्या नातवाने ती फोनवर घेतली आणि येत्या हळदीला मांडवात लावणार म्हणाला. ढोलवाल्यांना फक्त तिचा वेग पकडावा लागेल.